मूठ आणि करंगळी

छत्रपती संभाजीनगर,
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालायला निघशील. पण तुझ्याकडं आता गॅस आहे, तेव्हा ते वाटतं तेवढं सोपं नाही. वाचूनच टाक.

फोन तू घेत नाहीस. तुझा आणि गोकुळभाऊजींचा बुद्धलेणीपुढचा फोटो व्हॉट्सॲपवरून एके दिवशी दिसेनासा झाला, तेव्हा कळलं की थोरल्या बहिणीनं मला ब्लॉक केलंय. चाळिशी उलटलेल्या बायका आपण, आणि शाळकरी पोरींसारखी कट्टी! मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. दिवाळी अंकातल्या माझ्या लेखातली तीन वाक्यं तुला झोंबली. मी लिहिलं होतं : ‘आमच्या घरात प्रत्येकाची एक खूण होती. अण्णांची खूण मूठ. ती का, हे सांगायला नको.’ त्यावर तुझा शेवटचा निरोप आला, ‘तुला काय माहीत त्या खुणेचं? आता या दारात येऊ नको.’

अक्का, मी खोटं काय लिहिलं? मायच्या भुवईवरचा व्रण खोटा होता का? तो घेऊनच ती गेली. अंघोळ घालताना तू आणि मी दोघींनी तो पाहिला आणि दोघीही काही बोललो नाही. न बोलण्यात आपला हात कोण धरणार!

आता खरं कारण. ज्यांच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी मुद्रितं तपासते, ते संघपाल सर माझं पुस्तक काढतायत. जयंतीच्या स्टॉलवर ते यायला हवं, असं त्यांचं म्हणणं आहे. तो लेख पुस्तकाचं पहिलं प्रकरण आहे. ‘हे काढलंत तर बाकीचं पुस्तक लंगडं होईल,’ असं ते म्हणतात आणि मलाही ते पटतं. मी कशी लिहिते आणि का लिहिते, ते सगळं त्या एका खोलीतून आलंय.

पण छापायच्या आधी अण्णांना ते माझ्याकडून कळावं, एवढी माझी इच्छा आहे. तुमच्या लासूर स्टेशनला कुणीतरी शहाणा ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवील आणि म्हणेल, बघा मोतीराम, पोरीनं काय लिहून ठेवलंय. ते मला नको आहे. माय गेल्यापासून अण्णा तुझ्याकडं आहेत, म्हणजे वाट तुझ्या दारातूनच जाते.

दार उघडशील का, एवढंच कळव.

रूपा


छत्रपती संभाजीनगर,
२० फेब्रुवारी २०२५

अक्का,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. पोस्टमनला ‘अशी कुणी इथं राहत नाही’ म्हणायची तुझी छाती झाली नाही, हे ओळखून मी हे दुसरं लिहिते आहे.

परवा एका वाचनालयात मला बोलावलं होतं. शाल, नारळ, पुढच्या रांगेत पेंगणारे दोन अध्यक्ष, सगळं रीतसर. एका मुलीनं उभं राहून विचारलं, ‘तुमची वाक्यं इतकी लहान का असतात? आणि वाचताना असं का वाटतं की तुम्ही कानात बोलताय?’ मी काहीतरी भारदस्त सांगितलं. शैली, संयम वगैरे. लोकांनी माना डोलावल्या.

खरं उत्तर तुलाच सांगण्यासारखं आहे. माझं वाक्य अण्णांच्या दोन घोरण्यांच्या मध्ये मावायला लागायचं.

थर्ड शिफ्टचा आठवडा आठवतो का गं? कंपनीची बस सकाळी वाळूजहून अण्णांना रांजणगावच्या नाक्यावर सोडायची. ते यायचे, तोंड धुवायचे, अर्धी भाकरी खायचे आणि पत्र्याच्या त्या एका खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मग दिवसभर आपल्या तिघींच्या तोंडाला कुलूप. मायनं पितळी डब्यांची झाकणं फडक्यात गुंडाळून ठेवली होती. बांगड्या ती कोपरापर्यंत सरकवून घ्यायची. मी शिंक आली की धावत बाहेर जायचे. आणि काही सांगायचंच असलं तर हातानं सांगायचं.

माय म्हणजे कानाची पाळी, कारण तिच्या कानात ते एकच डूल होतं. तू म्हणजे वेणी. दोन तळहात आवाज न करता एकमेकांवर थापले की भाकरी. मी म्हणजे करंगळी, घरात सगळ्यांत लहान म्हणून. त्या करंगळीनं शाळेत काय घोटाळा केला होता! तू खिडकीतून मला बोलवायला करंगळी दाखवायचीस आणि आमच्या गुरुजींना वाटायचं, या पोरीला लघवीला जायचंय. ‘अगं, मग जा की! माझ्या वर्गाला काय दाखवतेस?’ म्हणून ते तुलाच ओरडायचे. हे मी लेखात घातलं होतं. ते वाचून तू हसली असशील. नक्की हसली असशील, मग पुढच्या पानावर मूठ आली.

अण्णांची खूण : एक मूठ, दुसऱ्या तळहातावर आपटायची. पण आवाज न करता. ती खूण केली की समजायचं, अण्णा उठले. किंवा अण्णा आले. किंवा अण्णा चिडलेत. आपला सगळ्यांचा जीव मुठीत, आणि मूठ अण्णांची.

तो दिवस मी चौथीत असतानाचा. भरदुपारी मायनं मला ती खूण केली, म्हणजे अण्णांची झोप चाळवली आहे, तू बाहेर जा. अण्णा पाठमोरे होते असं आम्हाला वाटलं. ते पाठमोरे नव्हते. ते उठले, मायच्या समोर उभे राहिले. ‘काय चाललंय? काय चाललंय हे माझ्याच घरात?’ माय कुजबुजत काहीतरी म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तसंच कुजबुजली. मग त्यांनी पाण्याचा तांब्या फेकून मारला. तू तेव्हा शिवणाच्या क्लासला गेली होतीस. परत आलीस तेव्हा माय हळद दाबून बसली होती आणि मी कोपऱ्यात. तू मला खुणेनं विचारलंस, काय झालं? मी मूठ दाखवली. तेवढ्यात सगळं सांगून झालं होतं.

पुढंही मार होताच. मला कमी, मायला जास्त. त्याचं मोजमाप मी ठेवलेलं नाही. पण त्या खोलीनं मला जे शिकवलं ते अजून सुटत नाही. मी दार लावते ते आवाज न करता. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारतात, ‘वर कुणी राहतं की नाही?’ दुकानात मी मागून आले की संघपाल सर दचकतात. भांडण मला येत नाही. मी लिहून टाकते. मला वाटतं, ज्यांच्या घरात मोठ्यानं रडायची सोय असते, ते लेखक होत नसतील.

आणि एक गोष्ट लेखात नाही, कारण तिचा अर्थ मला लागलेला नाही. छापखान्याच्या कामाला लागले तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, ‘अण्णा, मला प्रेसमध्ये काम मिळालं.’ अण्णांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि बोटं बघितली. एक एक. मग सोडून दिले. तुला काय वाटतं?

रूपा


छत्रपती संभाजीनगर,
५ मार्च २०२५

अक्का,

काल गोकुळभाऊजी दुकानात आले होते. त्यांना बोलू नको, त्यांनी तुझी काही चुगली केली नाही. मार्केटला सुट्टी होती, धान्याची मापं घ्यायची नव्हती, म्हणून अण्णांच्या कानाच्या मशीनचं बघायला शहरात आले होते. औरंगपुऱ्यात आलो तर साळीचं तोंड बघून जावं, असं त्यांना वाटलं. मी चहा मागवला. त्यांनी बशीत ओतून पिताना इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, ‘तुझ्या अक्काला सांगू नको, मी आल्तो म्हून.’ म्हणून मी तुला सांगतेय.

मी विचारलं, ‘अण्णांना कमी ऐकू यायला लागलं का?’

‘कमी? ठार बहिरे झालेत. कानापाशी ताट वाजवलं तरी वळत नाहीत.’

‘वय झालं.’

‘वयाचं नाय ते. डॉक्टर म्हणला, ह्यांनी काम काय केलं? म्या म्हणलं, प्रेसशॉप. पत्रा दाबायची मशीन, धाडधाड पडती दिवसभर. तर तो म्हणला, मंग हे आत्ताचं दुखणं नाय. पोरं ल्हान आस्तानाच आर्धं ऐकू यायचं बंद झालं आसंल. कुणाच्या ध्यानात कसं आलं नाय?’

कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही. भाऊजी चहा संपवून गेले. मी पुढ्यातल्या मुद्रितात दुपारभर एकही चूक पकडली नाही.

अक्का, आपण त्यांच्या झोपेसाठी कुजबुजत होतो. त्यांना आपली कुजबूज ऐकूच येत नव्हती. ते जागे असतानाही ऐकू येत नव्हती. त्यांना नुसते ओठ हलताना दिसत असतील आणि हात. मायला त्यांनी दोनदा विचारलं होतं, काय चाललंय. ती दोन्ही वेळा तशीच हळू बोलली, कारण त्या घरात जोरात बोलायचं आपण विसरूनच गेलो होतो. तिनं तेव्हा ओरडून सांगितलं असतं तर?

हे लिहितानाच मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. ऐकू येत नाही म्हणून कुणी तांब्या फेकतं का? लाखो माणसं बहिरी आहेत, ती घरातल्या बाईला मारत नाहीत. मी त्यांची कीव करावी असं कुणी मला सांगू नये. तूसुद्धा नाही.

पण मला हे आता कळतंय आणि पुस्तक महिन्याभरात छापायला जाईल. तुला हे माहीत होतं का? त्या खुणेचं मला काय माहीत, असं तू म्हणाली होतीस. ते हेच का?

मी हात जोडते. आता तरी बोल.

रूपा


छत्रपती संभाजीनगर,
१६ मार्च २०२५

अक्का,

तुझं पत्र आलं. वहीचा एकच कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, आणि अक्षर अजून तसंच, ओळीवर बसायला तयार नसलेलं. मी ते उभ्यानंच वाचलं. मग बसून वाचलं.

बहिरेपणाचं तुलाही माहीत नव्हतं, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. पण तू जे सांगितलंस ते वाचून मला कुणीतरी अंगणात ओढून उन्हात उभं केल्यासारखं झालं. तुझीच वाक्यं इथं उतरून काढते, म्हणजे मी काही चुकीचं वाचलं नाही ना, ते तू बघ :

‘खूण मायनं केली. तू तवा रांगत होती. अण्णा नवे नवे प्रेसवर लागले होते, लई खुशीत होते. मायला दाखवायले, हे बघ केसर, खाली पत्रा ठेवायचा आन वरून प्रेस अशी पडती, धप्प. तळहातावर मूठ मारून दाखवायले. माय लई हसली. म्हणली, मंग तुमचं नावच हे. तवा त्यांनी कुणाला बोट बी लावलं नव्हतं. मूठ म्हंजे मारणं नाय, रूपे. मूठ म्हंजे प्रेस. तू त्याचं काय करून ठेवलं.’

अक्का, माझ्यासाठी ती कायम मारणारी मूठच होती. मी तीच बघत मोठी झाले. माझ्या सगळ्या लिहिण्याच्या मुळाशी ती एक खूण आहे असं मी दहा ठिकाणी सांगितलंय. आणि ती मुळात मायचं हसणं होती. तू मोठी म्हणून तुला पहिला अर्थ मिळाला, मी लहान म्हणून मला दुसरा. एकाच खोलीत वाढलो, पण एकाच घरात नाही.

मी रडले. आणि सांगते, हुंदका देऊन रडले, खालच्या बाई वर बघायला आल्या.

आता तुझी अट. तू लिहितेस, ये. पण छापायच्या आधी अण्णांना सगळं वाचून दाखव, तांब्यासकट. ते हो म्हणाले तर छाप, नाही म्हणाले तर ते प्रकरण काढ. ‘आन त्या वक्ताला मी घरात थांबणार नाय,’ हेही तू लिहिलंस. मला मंजूर आहे. संघपाल सरांना मी थांबायला सांगितलंय. ते म्हणाले, ‘आणि नाही म्हणाले तर?’ मी म्हटलं, तर पुस्तक जयंतीला येणार नाही. कधी येईल तेही सांगता येत नाही, कारण ते प्रकरण सोडून मला दुसरं काही सांगायचंच नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तुझ्या शेवटच्या ओळीला मात्र मी घाबरले. ‘मशीन ते कानात घालीत नायत, शिट्टी वाजती म्हणतेत. वरडून वाचावं लागंल. जमंल का तुला?’

मला माहीत नाही. मी आयुष्यात कधी ओरडले नाही. रविवारी येते.

तुझी रूपा


छत्रपती संभाजीनगर,
२४ मार्च २०२५

अक्का,

घसा अजून बसलेला आहे. मी परत निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी आपण एकमेकींना ओलांडलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, ‘खडीसाखर धर तोंडात.’ धरली. फरक नाही.

मी काय वाचलं ते तू ऐकलंसच. शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होतीस आणि तुमच्या दोघींमध्ये नि माझ्यात एकच भिंत होती. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तो कांदेवाला गाडा थांबवून उभा राहिला होता, त्याला मी खिडकीतून पाहिलं. तरीही लिहिते, कारण भिंतीपलीकडून सगळंच कळत नाही.

अण्णा पलंगावर बसले होते. किती लहान झालेत गं. मला वाटलं होतं, खोलीभर असतील. मी पाया पडले, कागद काढले. म्हटलं, ‘तुम्हाला वाचून दाखवायचंय.’

‘आँ?’

पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘आँ?’ तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला आणि तेव्हा त्यांना कळलं. ‘हां. वाच,’ म्हणाले.

पहिलं पान जमलं. झाकणं, बांगड्या, करंगळी. गुरुजींची गोष्ट आली तेव्हा ते हसले, ते तू ऐकलं असशील. मग तो दिवस आला. मी ठरवून आले होते की आवाज खाली आणायचा नाही. पण ‘तांब्या’ हा शब्द आला आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. सवयच ती. मी तशीच वाचत राहिले, मनात म्हटलं, नाही ऐकलं त्यांनी तर नाही ऐकलं, मी वाचलं तर खरं.

अण्णांनी हात वर केला.

‘मोठ्यानं वाच.’

मी पानावरून मान वर केली.

‘हितं आवाज कमी केला तू. मला कळतं, तोंड बारीक व्हतंय तुजं. मोठ्यानं वाच.’

मग मी वाचलं. तांब्या, हळद, मायची भुवई, सगळं, एक एक शब्द ओरडून. असं वाचताना ती माझी वाक्यं वाटेचनात. कानात सांगायची गोष्ट मी गल्लीला सांगत होते. आणि अक्का, खरं सांगते, मला आत कुठंतरी मोकळं वाटत होतं. लाजही वाटत होती, पण मोकळं वाटत होतं.

शेवटी ती तीन वाक्यं आली. ‘अण्णांची खूण मूठ’ म्हणताना माझ्याही नकळत माझी मूठ तळहातावर गेली. अण्णांनी ती बघितली आणि स्वतःच्या हातानं तीच खूण केली. आवाज न करता, अगदी आपण करायचो तशी.

‘ही माजी ना?’

‘व्हय.’

‘मला म्हाईत व्हतं. ऐकू येत नव्हतं, पर दिसत व्हतं की. तुमी मायलेकी माज्या पाठीमागं हेच करायच्या. मला वाटायचं, सांगायलेत एकमेकीला, मारका आला, मारका आला. माजंच घर, आन मला सोडून समदे बोलायलेत. मंग डोकं फिरायचं.’

मी ओरडले, ‘प्रेस, अण्णा! मारका नाही, प्रेस! तुम्हीच मायला दाखवली होती! ती हसली होती! निशाक्का सांगते!’ तीनदा ओरडले. तुला ते ऐकू गेलं असेलच, आणि कांदेवाल्यालाही.

यानंतरचं तुला ऐकू गेलं नसणार, कारण एरवी एवढ्या मोठ्यानं बोलणारा हा माणूस यापुढं अगदी हळू बोलला.

‘केसर हसली व्हती,’ ते म्हणाले. ‘व्हय. हसली व्हती तवा.’

बराच वेळ ते स्वतःच्या तळहाताकडं बघत बसले. मला वाटलं, आता त्यांना सुटका मिळाली. आता म्हणतील, बघ, मी तसा नव्हतो, ते पान फाडून टाक. मी तयारीत होते. खरं तर मी फाडलंही असतं, एवढी मी त्या क्षणी मऊ झाले होते.

ते म्हणाले, ‘पर मारत बी व्हतोच की.’

मी हातातलं पान मांडीवर ठेवलं.

‘तांब्या खरा हाय. ऱ्हाऊ दे त्यो. छाप. आन त्या खुणेचं निशा म्हणती तसं लिव्ह. दोनी लिव्ह.’

त्यांनी माफी मागितली नाही. मीही केलं माफ असं म्हणाले नाही. जिच्याकडं मागायची आणि जिनं द्यायची ती माय तर नाहीच. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या शेजारी गप्प बसताना मला भीती वाटली नाही.

आज सकाळी संघपाल सरांना पानं दिली. तांब्या आहे तिथंच आहे. तीन वाक्यांतलं शेवटचं खोडलं आणि तिथं तुझं सांगणं घातलं, तुझ्याच शब्दांत, ‘धप्प’सकट. सर म्हणाले, ‘भाषा बदलतेय इथं.’ म्हटलं, बदलू द्या, माझी बहीण बोलतेय.

बोटांचंही मला कळलं. निघताना मी त्यांना विचारलं नाही, पण पाणी देताना त्यांच्या डाव्या हाताकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तर्जनीचं वरचं पेर नाहीच. आपण ते लहानपणापासून बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं. ‘प्रेसमध्ये काम मिळालं’ एवढंच त्यांनी ऐकलं होतं, आणि माझी बोटं शाबूत आहेत का ते बघितलं होतं.

आता शेवटचं. संध्याकाळी परत आल्यावर टोपल्यात एक भाकरी कमी दिसली असेल तुला. ती मी खाल्ली. झालं असं, की निघायचं म्हणून मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, चप्पल घातली. वाचून वाचून माझा आवाज गेला होता, म्हणून ‘येते’ असं हातानंच सांगायला मागं वळले. अण्णा माझ्याकडंच बघत होते. त्यांनी हात उचलला आणि करंगळी दाखवली. मी जागीच थांबले. मग त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर थापले, हळू, जराही आवाज न करता.

रूपा, भाकरी.

इतकी वर्षं त्यांना आपली सगळी भाषा येत होती, अक्का. त्यांच्याशी ती कुणी बोललंच नव्हतं.

मी चप्पल काढली आणि परत आत गेले. हे तुला ओट्यावरून ऐकू आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुझी,
करंगळी